सूक्ष्म नमुन्यांचा एनएमआर स्वयंचलित करायचा, तर सुरुवात कुठून?

नमस्कार. आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमची संशोधन प्रयोगशाळा रबाळे एमआयडीसीत आहे. ५०० मेगाहर्ट्झचं एनएमआर यंत्र (चुंबकात ठेवलेल्या नमुन्यातल्या अणुकेंद्रकांचे सिग्नल मोजून रेणूची रचना ओळखणारं), ५ मिलिमीटरचा साधा प्रोब (ट्यूब ज्यात उतरते तो सिग्नल पकडणारा भाग), ६० जागांचा सॅम्पल चेंजर (ट्यूब आपोआप बदलणारं यंत्र). प्रेप एचपीएलसीवरून (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून गोळा करणाऱ्या यंत्रावरून) रोज तीस-चाळीस नमुने येतात आणि प्रत्येकात माल असतो जेमतेम ५० ते २०० मायक्रोग्रॅम. ट्यूब भरणं, नावं टाकणं, स्पेक्ट्रम तपासणं हे सगळं एकाच माणसावर आहे. व्यवस्थापन पैसे द्यायला तयार आहे. तुम्ही विचारताय की फ्लो पद्धत (नमुना नळीतून थेट प्रोबमध्ये ढकलणारी) घ्यावी की ट्यूबच ठेवाव्यात, आधी ट्यूब भरणारा रोबो घ्यावा की छोटा प्रोब, आणि 'पास की फेल' हा निर्णय सॉफ्टवेअरवर सोडता येईल का.

मी बावीस वर्षं हेच काम करतोय, त्यातली बहुतेक ठाणे-बेलापूर पट्ट्यातच. माझं मत आधीच सांगतो: तुमची अडचण चुंबकाच्या आत नाही. ती वायलपासून (नमुन्याच्या छोट्या बाटलीपासून) ट्यूबच्या तोंडापर्यंतच्या एका हाताच्या अंतरात आहे. पैसे आधी तिथे लावा.

छोट्या प्रोबचा फायदा मात्र खरा आहे, तो समजून घ्या. प्रोबमधल्या कॉइलचा (सिग्नल पकडणाऱ्या वेटोळ्याचा) व्यास कमी झाला की तेवढ्याच मालातून मिळणारा सिग्नल ढोबळ मानाने त्याच प्रमाणात वाढतो. ५ वरून १.७ मिलिमीटरवर आलात तर सुमारे तिप्पट. सिग्नल आणि नॉइझचं (नको असलेल्या खरखरीचं) गुणोत्तर स्कॅनच्या, म्हणजे मोजणी किती वेळा केली त्या संख्येच्या वर्गमुळाने वाढतं, म्हणून तिप्पट सिग्नल म्हणजे वेळेत नऊपट बचत. जो एचएसक्यूसी (कोणता प्रोटॉन कोणत्या कार्बनला जोडलाय हे दाखवणारा प्रयोग) रात्रभर चालायचा तो दीड तासात उरकतो.

३ मिलिमीटरच्या ट्यूबबद्दल मात्र एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. आहे त्याच ५ मिलिमीटर प्रोबमध्ये ३ मिलिमीटरची ट्यूब टाकली की सिग्नल तिप्पट होतो असं बरेच जण धरून चालतात. तसं होत नाही. द्रावण तिप्पट दाट होतं, पण कॉइलसमोरचा द्रावणाचा स्तंभही तितकाच बारीक झालेला असतो. कॉइलला दिसणारे प्रोटॉन (हायड्रोजनची केंद्रकं) जवळजवळ तेवढेच राहतात. क्षारयुक्त नमुना आणि क्रायोप्रोब (अतिशय थंड ठेवलेला प्रोब) असेल तर गोष्ट वेगळी, तिथे बारीक ट्यूब नॉइझ कमी करते. तुमच्यासारख्या कामात खरा लाभ दुसरीकडे आहे: सॉल्व्हंट कमी, म्हणून सॉल्व्हंटमधलं पाणी आणि घाणही कमी.

हे आकड्यांत बघा. तुमचा नमुना १२० मायक्रोग्रॅम, रेणुभार ४००, म्हणजे ०.३ मायक्रोमोल. डीएमएसओत (हवेतलं पाणी ओढणाऱ्या आपल्या नेहमीच्या सॉल्व्हंटमध्ये) वजनाने ०.१ टक्का पाणी आहे असं धरू. ट्यूबमध्ये ६०० मायक्रोलिटर भरलंत तर पाण्याच्या प्रोटॉनचा पीक तुमच्या एका प्रोटॉनच्या पीकच्या सुमारे अडीचशे पट मोठा येतो. तोच माल ३० मायक्रोलिटरमध्ये असेल तर तेरापट. आणि आपल्याकडे जुलैमध्ये डीएमएसओची उघडी बाटली ०.१ टक्क्यावर थांबत नाही. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत खाडीची हवा आहे. टेबलावर दुपारभर सैल झाकणाने राहिलेली बाटली संध्याकाळी ३.३ पीपीएमवर (स्पेक्ट्रमवरच्या पाण्याच्या जागेवर) काय दाखवते ते मी अनेकदा पाहिलंय. म्हणून पावसाळ्यात सीलबंद अँप्यूल वापरा, एक फोडला की त्याच पाळीत संपवा. हा खर्च वायफळ नाही.

आता फ्लोबद्दल. वाहत्या द्रवावर एनएमआर करण्याची सुरुवात आपल्याच देशात झाली याचा मला फार अभिमान वाटतो. जी. सूर्यन यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते काम केलं आणि १९५१ साली प्रसिद्ध केलं. पुढे त्याच कल्पनेवर फ्लो प्रोब आले, ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमधून थेट प्रोबमध्ये नमुना ढकलणाऱ्या यंत्रणा आल्या. ट्यूब नको, कॅप नको, ट्यूब धुणं नको. रिअ‍ॅक्शन चालू असताना तिच्यावर नजर ठेवायची असेल तर फ्लोला तोड नाही. पण तुमच्या कामाला मी तो सुचवणार नाही. नळीतच तुमचा बराचसा नमुना अडकतो, तो परत मिळतो तेव्हा विरळ झालेला असतो, आणि आधीच्या नमुन्याचा अंश पुढच्यात उतरतो. नमुना दाट असेल तर एक टक्का उतरलेला अंश खपून जातो. पण दाट नमुन्यामागून ५० मायक्रोग्रॅमवाला आला तर तो एक टक्का 'अशुद्धी' म्हणून रिपोर्टमध्ये जातो आणि केमिस्ट दोन दिवस ती शोधत बसतो. शिवाय एचपीएलसीनंतर सुकवलेल्या नमुन्यात न विरघळलेले कण असतात. बारीक नळी तुंबली की रात्रीची सगळी रांग तिथेच थांबते. ट्यूबमध्ये कण राहिले तर एकच नमुना बिघडतो. तेव्हा ट्यूबच ठेवा.

भरण्याच्या कामावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण नव्या यंत्रणा इथेच फसलेल्या पाहिल्या आहेत.

तुमचे फ्रॅक्शन (एचपीएलसीतून वेगळे गोळा केलेले भाग) मोठ्या वायलमध्ये किंवा टेस्ट ट्यूबमध्ये सुकतात का? तसं असेल तर १०० मायक्रोग्रॅम माल काचेच्या भिंतीवर पातळ थरासारखा पसरलेला असतो. त्यात ४० मायक्रोलिटर डीएमएसओ टाकलं तर ते तळाशी थेंब होऊन बसतं, भिंतीला शिवतही नाही. माणूस वायल आडवी करून फिरवतो, रोबो फिरवत नाही. मग सिग्नल कमी येतो आणि दोष प्रोबवर जातो. यावर उपाय जुनाच आहे: फ्रॅक्शन थोड्या मेथॅनॉलने निमुळत्या तळाच्या छोट्या वायलमध्ये उतरवा आणि तिथे पुन्हा सुकवा. ही एक पायरी वाढते, ती वाढू द्या. एचपीएलसीत फॉर्मिक आम्ल किंवा अमोनियम अ‍ॅसिटेट वापरत असाल तर ते नीट उडालंय ना तेही याच पायरीला कळतं.

डीएमएसओ पाण्यापेक्षा घट्ट असतं. रोबोत पाण्यासाठी दिलेला वेग तसाच ठेवला तर सुईत हवा येते आणि मोजमाप चुकतं. ओढण्याचा वेग कमी करा, ओढून झाल्यावर एक-दोन सेकंद सुई तशीच राहू द्या. तपासायला महागडं काही लागत नाही: ३५ मायक्रोलिटर दहा वेळा ओतून तराजूवर घ्या. ड्यूटेरियमवाल्या (जड हायड्रोजनच्या) डीएमएसओची घनता १.१९ धरली तर प्रत्येक वेळी सुमारे ४१.७ मिलिग्रॅम यायला हवं. दहा वेळांत एका मिलिग्रॅमच्या आत खेळत असेल तरच पुढे जा. कारण १.७ मिलिमीटर ट्यूबच्या आतल्या पोकळीत ५ मायक्रोलिटर कमी पडलं तर स्तंभ जवळजवळ ४ मिलिमीटरने खुजा होतो. स्तंभाची टोकं कॉइलजवळ आली की शिम (चुंबकीय क्षेत्राचा एकसारखेपणा) बिघडतो आणि पीक रुंदावतात. ट्यूब तळापासून वर भरली पाहिजे, त्यासाठी लांब सुई हवी. वरून सोडलेला थेंब अशा बारीक ट्यूबमध्ये मध्येच अडकून बसतो. भरल्यावर रॅक हलक्या वेगाने सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की बुडबुडे निघून जातात.

क्लोरोफॉर्म शक्यतो टाळा. ६१ अंशांना उकळणारा सॉल्व्हंट, ३० मायक्रोलिटर आणि रात्रभराची रांग हे गणित जुळत नाही. पहाटेपर्यंत स्तंभ बसलेला असतो. डीएमएसओ उडत नाही, पण त्याची वेगळी खोड आहे: ते गोठतं. साधं डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतं, ड्यूटेरियमवालं २० च्या आसपास. यंत्राच्या खोलीतला एसी १८ वर लावण्याची सवय सगळीकडे आहे. नमुने टिकावेत म्हणून थंड ठेवता येणारी रॅक असेल तर कुणीतरी उत्साहाने ती ६ अंशांवर ठेवतो. गोठलेली ट्यूब आत गेली की लॉक (सॉल्व्हंटच्या ड्यूटेरियमच्या सिग्नलवर यंत्राची पकड) मिळत नाही, शिम होत नाही, आणि सकाळी ओळीने चाळीस रिकामे स्पेक्ट्रम दिसतात. रॅकचं तापमान २५ ठेवा आणि एसीचा झोत तिच्यावर येऊ देऊ नका.

ट्यूबबद्दल एक आठवण. तुर्भ्याच्या एका प्रयोगशाळेत आमच्याकडे एक लॅब अटेंडंट मामा होते. धुतलेली प्रत्येक ट्यूब ते सपाट काचेवर लोळवून बघायचे. जी डुगडुगत जाईल ती बाजूला. त्यांना कुणी हे शिकवलं नव्हतं, ट्यूब फुटल्यावर प्रोब उघडताना आमचे चेहरे त्यांनी पाहिले होते. नवा सॅम्पल चेंजर आल्यावर ती सवय सुटली आणि चार महिन्यांत दोन ट्यूब आत फुटल्या. मी पुन्हा मामांनाच विनंती केली. १.७ च्या ट्यूब धुऊन परत वापरायच्या भानगडीत पडू नका, एकदा वापरा आणि टाका. ३ आणि ५ मिलिमीटरच्या मात्र लोळवून बघा, आणि वाकतील अशा तापमानाला ओव्हनमध्ये आडव्या रचून ठेवू नका.

आता नावांकडे येतो. माझ्या मते हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे ९६ नमुन्यांची पूर्ण प्लेट चालली. स्पेक्ट्रम उत्तम, शिम उत्तम. सकाळी केमिस्ट म्हणाला, रचना जुळत नाहीत. आम्ही पहिली ट्यूब पाहिली, बरोबर. शेवटची पाहिली, तीही बरोबर. मग संश्लेषणातच गोंधळ झाला असेल असं ठरवून अख्खा आठवडा घालवला. खरं कारण असं होतं: रोबो स्तंभाने भरत होता, म्हणजे ए१, बी१, सी१, आणि एक्सेलची यादी ओळीने होती, ए१, ए२, ए३. आठ ओळी आणि बारा स्तंभांच्या प्लेटवर हे दोन क्रम मांडून बघा. दोन्हींत त्याच जागी येणारे वेल फक्त दोन आहेत, ए१ आणि एच१२. पहिला आणि शेवटचा. आम्ही नेमके तेच दोन तपासले होते.

तेव्हापासून प्रत्येक प्लेटमध्ये मी दोन जागा राखून ठेवतो. बी१ मध्ये ओळखीचा पदार्थ, ज्याचा स्पेक्ट्रम सगळ्यांना तोंडपाठ आहे, आणि डी१० मध्ये नुसता सॉल्व्हंट, बाकीच्या नमुन्यांसारखाच त्याच वायलमधून, त्याच सुईने भरलेला. क्रम उलटसुलट झाला किंवा प्लेट अर्ध्या फेऱ्याने फिरवून ठेवली गेली तर हे दोघे चुकीच्या जागी सापडतात आणि गोंधळ लगेच उघड होतो. नुसत्या सॉल्व्हंटच्या ट्यूबचा आणखी एक उपयोग: त्या दिवशीचं पाणी किती, ग्रीस किती, प्लास्टिकमधून सुटलेलं थॅलेट किती, हे तीच सांगते. १०० मायक्रोग्रॅमच्या कामात १.२ पीपीएमजवळचा ग्रीसचा पीक नमुन्याइतका मोठा असू शकतो. तो नमुन्याचा की पिपेटच्या टिपचा, हे या ट्यूबशिवाय ठरवता येत नाही. ९६ पैकी दोन जागा जातात म्हणून व्यवस्थापन कुरकुर करेल. त्यांना आमचा तो आठवडा सांगा.

बारकोड वायललाच लागला पाहिजे, एचपीएलसीच्या टप्प्यावर. एनएमआरच्या खोलीत येऊन लावलेला बारकोड उशिरा लावलेला आहे. फाइलचं नाव बारकोडवरूनच बनावं, हाताने काहीही टाइप होऊ नये. सॉल्व्हंटचं नावसुद्धा यादीतूनच यावं. मेथॅनॉलमधला नमुना क्लोरोफॉर्म म्हणून नोंदला गेला तर यंत्र कुठलाही आवाज न करता चुकीच्या जागेवर लॉक करतं आणि सगळे पीक सरकतात.

आता यंत्राने स्वतः काय तपासावं ते. ट्यूनिंग (प्रोब नमुन्याशी जुळवणं), लॉक, शिम, रिसीव्हर गेन (सिग्नल किती मोठा करून घ्यायचा ते) हे आजची सॉफ्टवेअर आपोआप करतात, त्यावर मी बोलत नाही. कमी पडते ती शंका घेण्याची सोय. प्रत्येक नमुन्यावर आधी ८ स्कॅनचा छोटा प्रोटॉन स्पेक्ट्रम चालवा आणि त्याच्यावर चार प्रश्न टाका. सॉल्व्हंटचा उरलेला पीक त्याच्या जागी आहे का? तो पुरेसा अरुंद आहे का? पाणी सोडून काही सिग्नल आहे का? रिसीव्हर ओसंडला का, म्हणजे सिग्नल त्याच्या मर्यादेपलीकडे गेला का? डीएमएसओत रुंदी मोजताना एक काळजी घ्या: २.५० पीपीएमवरचा सॉल्व्हंटचा पीक मुळातच १.९ हर्ट्झच्या अंतराचा पाच फाट्यांचा असतो, त्याची सरळ अर्धउंची रुंदी काढली तर आकडा निरर्थक येतो. पाच फाटे वेगळे दिसतात का एवढं पाहा, किंवा टीएमएसच्या (शून्य पीपीएम दाखवणाऱ्या संदर्भ पदार्थाच्या) पीकवर मोजा. तपासणीत नापास झालं तर शिम एकदाच पुन्हा करावा. तरीही नाही जमलं तर नमुन्यावर खूण करून पुढे जावं. 'दहा वेळा प्रयत्न कर' अशी सोय काही जण घालतात आणि एका बुडबुड्यापायी रात्र जाते.

छोट्या चाचणीवरूनच पुढचे स्कॅन ठरवता येतात. सिग्नल हवा त्याच्या निम्मा असेल तर स्कॅन चौपट. चौथाई असेल तर सोळापट, आणि तिथे थांबून विचारायचं की हा नमुना खरंच एवढ्या वेळेचा आहे का. ट्यूब बदलणं, लॉक, शिम आणि १६ स्कॅन धरून एका नमुन्याला पाच मिनिटं लागतात असं समजा. ९६ नमुने आठ तासांत होतात. दिवसा छोटे प्रोटॉन आणि रात्री एचएसक्यूसी, एचएमबीसी (दोन-तीन बंध दूरच्या जोडण्या दाखवणारा प्रयोग) अशी रांग लावा. कार्बनचा थेट स्पेक्ट्रम या मालावर मागू नका. कार्बन-१३ निसर्गात १.१ टक्काच असतो, १०० मायक्रोग्रॅमवर तुमच्या प्रोबला तो झेपणार नाही. केमिस्टना हे एकदा बसून समजावून सांगा, नाहीतर मागणीपत्रावर 'प्रोटॉन, कार्बन' असं सवयीने लिहिलेलं येतच राहील.

'पास की फेल' सॉफ्टवेअरवर सोडावं का? चाळणी म्हणून सोडा, निकाल म्हणून सोडू नका. अपेक्षित रचनेवरून स्पेक्ट्रम वर्तवून ताडून पाहणारी सॉफ्टवेअर आता चांगली झाली आहेत, आणि प्रोटॉनसोबत एचएसक्यूसी दिला तर त्यांचा अंदाज बराच पक्का होतो. तरी जवळजवळ सारख्या दोन समघटकांत (सूत्र तेच, रचना वेगळी), विशेषतः बदलीचा गट शेजारच्या कार्बनवर सरकलेला असेल तेव्हा, ती दोन्हींना 'पास' म्हणू शकतात. मी त्यांचे तीन ढीग करतो: नक्की जुळलेले, नक्की न जुळलेले, आणि बाकी. बाकीचे सगळे माणूस बघतो. नक्की जुळलेल्यांतले दर आठवड्याला पाच-सहा उचलून तेही बघतो. तुमचा तो एकटा माणूस रोबो आल्यावर मोकळा होणार आहे ना, त्याचा वेळ इथे लावा. पिपेट धरण्यात त्याचं शिक्षण वाया जात होतं.

खोलीबद्दल आणखी थोडं. चेंजर हवेच्या दाबावर ट्यूब उचलतो आणि सोडतो. एका जुलैत आमच्या कंप्रेसरचा ड्रायर बंद पडला होता आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. फिल्टरमध्ये पाणी साचलं, दाब उतरला, ट्यूब बोअरमध्ये (चुंबकाच्या उभ्या पोकळीत) अर्ध्यावर अडकली आणि मागून दुसरी तिच्यावर उतरली. ट्यूब वर आली की नाही हे सांगणारा सेन्सर कुणीतरी 'सारखी चूक दाखवतो' म्हणून बंद केला होता. प्रोब दुरुस्तीला गेला, सात आठवडे काम ठप्प. तेव्हा तेलविरहित कंप्रेसर, दुहेरी ड्रायर, आणि दवबिंदू दाखवणारा मीटर दरवाजाजवळ, येता-जाता दिसेल असा. वीज गेली तर यूपीएसने यंत्र सांभाळावंच, पण रांगही थांबली पाहिजे. जनरेटरवर बदल होताना अर्धवट राहिलेला नमुना पहिल्यापासून सुरू व्हावा.

खरेदीचा क्रम मी असा लावेन. पहिले तीन महिने काहीच मोठं घेऊ नका: निमुळत्या वायल, बारकोड, ३ मिलिमीटरच्या ट्यूब आणि त्यांचे स्पिनर (ट्यूब धरणारे धारक). एवढ्यावर आहे तोच ६० जागांचा चेंजर चालवा, बी१ आणि डी१० च्या धर्तीवर यादीत दोन ओळखीच्या ट्यूब ठेवा. मग भरणारा रोबो. त्याचं मोजमाप तराजूवर महिनाभर स्थिर राहिलं की १.७ चा प्रोब आणि ९६ च्या रॅकचा चेंजर. त्या रॅकला चार इंची ट्यूब लागतात, सात इंची बसत नाहीत, हे ऑर्डर देताना लक्षात असू द्या. प्रोब आधी घेतलात तर हाताने ३० मायक्रोलिटर भरत बसाल आणि दोष प्रोबला द्याल.

आत्ता मे संपत आलाय. बाकी सगळं दिवाळीपर्यंत सावकाश झालं तरी चालेल, पण कंप्रेसरचा ड्रायर या आठवड्यात उघडून बघा.